पोर्चखालची टाकी

आधीच सांगून टाकते. असले अनुभव मी आजवर विनोदी लेखन म्हणून वाचत आले, या पानावरचेसुद्धा. घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, गाडी आपोआप बंद पडली... हे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. ती बाई कायम पांढऱ्याच साडीत का? तिच्या बाकीच्या साड्या कुठे जातात? असल्या माझ्या शंका. रांजणगावच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. 'मला वाटतं' या शब्दांना आमच्याकडे काडीची किंमत नाही, आणि घरीही मी तशीच आहे असं सगळे म्हणतात. खरं आहे ते.

दुसरं म्हणजे, माझं शाहीन हे नाव वाचून 'तुमचं मराठी किती छान आहे हो' असं कृपा करून कुणी लिहू नका. आम्ही निमोण्याचे, शिरूर तालुक्यातले. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जगलो आणि तिथल्याच कब्रस्तानात गेलो. घरात दखनी बोलतो, उंबऱ्याबाहेर मराठी. शाळेत असताना त्याच कब्रस्तानातल्या बोरी आम्ही भर दुपारी झोडपायचो. तेव्हाही कधी कुणी दिसलं नाही की ओरडलं नाही.

जावेद, म्हणजे माझा नवरा, म्हणतो लिहू नकोस. आम्ही घरात या विषयावर बोलत नाही. पण मला लिहायचंय, कारण हे कुणाच्या बाबतीत झालं असेल तर त्याने मला सांगावं... मी कुणाला विचारू?

तर, घर.

गावातून शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्याला सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला प्लॉट होता, त्यावर आम्ही बांधलं. तिथे पूर्वी कुणी मेलं होतं का, विहीर बुजवली होती का, जुनी कबर-समाधी काही होतं का, हे सगळं नंतर मी विचारून घेतलंय. काही नव्हतं. मटकी-हुलग्याचं रान होतं. तेव्हा ती कारणं देऊ नका.

कॉन्ट्रॅक्टर होते बापू. गावातलं मोठं बागायतदार घराणं, भाऊबंद सोसायटीत, आणि स्वतः जावेदच्या वर्गातले. माणूस उमदा, कामाला चोख, फक्त कुठलंही काम 'हे एवढंच राहिलंय' म्हणून शेवटावर ढकलायची सवय. घर बांधलेल्या कुणालाही विचारा. घर नव्वद टक्के भराभर होतं आणि उरलेल्या दहा टक्क्यांत जीव जातो. फरश्या झाल्या, गिलावा झाला, रंगाचा पहिला हात झाला, आणि मग कुठे नळ गळतोय, कुठे दाराची बिजागरी किरकिरतेय...

मी कंपनीतली पद्धत घरी आणली. निळी चिकटपट्टी घेतली, आणि जिथे जिथे खोट दिसेल तिथे एक तुकडा चिकटवायला सुरुवात केली. भिंतीला पोपडा, लाव पट्टी. खिडकी घासतेय, लाव पट्टी. काम नीट झालं की पट्टी मी स्वतः काढणार आणि शेवटची पट्टी निघाली की किल्ल्या घेणार. बापू एकदा हॉलमध्ये उभे राहून बघतच राहिले.

"वहिनी, घराला लागलंय का कुठं? किती बँडेज लावताय!"

"लागलंय म्हणूनच लावतेय. तुमच्या लोकांनी लावलंय ते."

"जावेद, लेका तू कसा पास झालास रं हिच्याकडून?" बापूंनी विचारलं.

"मी कुठं पास झालोय? माझ्या पाठीवर हाय की पट्टी," जावेद म्हणाला. जावेद कंपनीची बस चालवतो, शिफ्टची माणसं आणतो-नेतो. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची त्याला सवय आहे. तेव्हा तो असा खूप हसवायचा.

आता टाकी. पोर्चच्या खाली आम्ही पाण्याची टाकी बांधून घेतली होती, जमिनीतली. वर स्लॅब, त्यावर पोर्चची फरशी, आणि एका कोपऱ्यात माणूस उतरेल एवढं तोंड, त्याला लोखंडी कड आणि झाकण. अशा टाकीचा स्लॅब ओतताना खालून फळ्यांचा आणि टेकूंचा आधार द्यावा लागतो, त्याला सेंट्रिंग म्हणतात. सिमेंट आवळलं की एक माणूस आत उतरतो, हातोड्याने त्या फळ्या पाडतो आणि तोंडातून बाहेर काढतो. आमच्या टाकीचं हे काम राहूनच गेलं होतं. सेंट्रिंगवाले बिहारी कामगार गावी गेले ते आलेच नाहीत. मग झाकणावर फरश्यांची खोकी रचली गेली, त्यांच्यावर रंगाचे डबे. आत साचलेलं गुडघाभर पाणी तसंच होतं. बापू म्हणायचे, "राहू द्या. त्या फळ्यांची मला सध्या गरज न्हाई. पझेशनच्या आदल्या दिशी काढू आन् टाकी धुऊन भरून देऊ."

पहिल्यांदा ऐकलं ती एक रविवारची दुपार होती. रंगारी लिंबाखाली जेवायला बसले होते. मी पोर्चमध्ये उकिडवी बसून लाकडी दांड्याने एकेक फरशी वाजवून बघत होते. फरशीखाली माल नीट भरला नसेल तर ती पोकळ वाजते. वाजवत वाजवत कोपऱ्यात आले, आणि खालून उत्तर आल्यासारखा ठोका आला.

मी दांडा थांबवला. खालचं चालूच.

हातोडा लाकडावर मारल्याचा आवाज. ठक... ठक... मग फळी सुटून पाण्यात पडल्याचा. मग कुणीतरी घसा खाकरला, वयस्कर माणूस खाकरतो तसा. आणि म्हणाला – अगदी साधं, कामातल्या माणसाने म्हणावं तसं –

"जरा उजेड द्या."

मग काहीच नाही. मी तिथेच हात टेकून बसलेली. मला वाटलं संपलं. तेवढ्यात दुसरा आवाज आला, तरण्या माणसाचा, पण मडक्यात तोंड घालून बोलल्यावर येतो तसा घुमलेला. "मामा... ओ मामा..." त्यानंतर लोखंडावर लोखंड आदळल्याचा खणकन आवाज आणि पाठोपाठ पाण्यात काहीतरी जड पडल्याचा. धप्प. एवढंच. पुढे शांत.

मी उठून झाकण बघितलं. खोकी तशीच होती, त्यांच्यावर धूळ, आणि धुळीवर कुणाचं बोटसुद्धा उमटलेलं नव्हतं. मी घाबरले का? नाही. मला राग आला. कुठूनतरी पाइपातून आवाज येतोय आणि मला तो सापडत नाहीये, याचा राग. शेजारच्या मळ्यात कांद्याची चाळ आहे, तिथे जाऊन विचारलं, कुणी ठोकाठोकी करत होतं का? तिथे कुणीच नव्हतं, फक्त कुत्रं होतं.

मी झाकणाच्या कडेला एक निळी पट्टी लावून घरी आले.

जावेदला सांगितलं तर तो म्हणाला, "पांढऱ्या साडीतली बाई उतरली असंल आत. साडी धुवायला." मीही हसले.

दुसऱ्यांदा सासूबाईंनी ऐकलं. त्यांना कमी ऐकू येतं, पण त्या दिवशी त्या घर बघायला आलेल्या आणि पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसलेल्या. मी आतून येते तर मला म्हणतात, "टाकी में कौन है गे? भर दुपार में काम कर रहा बिचारा, पानी-बिनी देव उसको." आणि त्यांनी खरंच आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, अम्मी, टाकी बंद आहे. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच नजर वळवली.

तिसऱ्या वेळी जावेद होता. त्याची सुट्टी होती, आम्ही दोघं खिडक्यांच्या काचा पुसत होतो. हातोडा सुरू झाला तसा तो खाली उतरला आणि सरळ पोर्चवर पालथा पडून फरशीला कान लावला. ठक... ठक... फळी. खाकरणं. उजेड द्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होते. हाक आली, खणकन आवाज आला, धप्प झालं.

"कुणीतरी मामाला हाक मारतंय," तो उठून म्हणाला.

"ओळखीचा आवाज आहे का?"

"न्हाई."

हे लक्षात ठेवा. तो 'नाही' म्हणाला. मीही ओळखला नव्हता.

मग मात्र आम्ही बापूंना गाठलं. बापूंनी पोर्चमध्ये येऊन पाय आपटून बघितला, हसले. "अहो, लाकूड भिजलं की फुगतं. टेकू सरकत्यात, फळ्या सुटून पाण्यात पडत्यात. आवाज येनार न्हाई तर काय व्हईल?"

"आणि हाक?"

"वहिनी, घर रोडला हाय. दिवसभर कुणी ना कुणी कुणाच्या तरी मामाला हाक मारतंच की." मग झाकणावरची माझी पट्टी बघून म्हणाले, "आता आवाजाला बी पट्टी लावली व्हय? ह्याला पॅच कसा मारायचा सांगा."

मला ते पटलं. खरंच पटलं. फुगलेलं लाकूड हे कारण गेजमध्ये बसत होतं. हाक बसत नव्हती, पण रस्ता होताच. आणि शुक्रवारी नव्या घरात कुराणख्वानी, म्हणजे कुराणाचं पठण, ठेवली होती, पाहुण्यांना निरोप गेले होते, गल्लीतल्या बायकांनी 'दूध उतू घालायचं बरं का, तुमच्यात नसलं तरी' म्हणून मला बजावून ठेवलं होतं. पाण्याशिवाय हे सगळं कसं होणार? टाकी रिकामी करून, धुऊन, भरून हवी होती.

बुधवारी सकाळी बापू दशरथमामांना घेऊन आले. हे दौंड तालुक्यातले, वरवंडचे, सेंट्रिंगची कामं करणारे. मी त्यांना त्याआधी कधीही पाहिलेलं नव्हतं, ना त्यांनी आमचं घर. साठीकडे झुकलेले, अंगाने काटक. न्हावऱ्यावरून मोटरसायकलवर आले होते, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. मी चहा दिला तर बशीत ओतून सावकाश प्यायले आणि घरभर नजर फिरवून म्हणाले, "ताई, घर झ्याक झालंय. आन् ह्या निळ्या पट्ट्या कसल्या? नजर लागू नये म्हनून?"

"जिथे खोट आहे ना, ते दाखवायला."

"असू द्या की एखांदी खोट. बिनखोटीचं घर कुनाचं असतंय?"

मला ते एकदम आवडले. मनात आलं, याच माणसाने सगळं घर बांधायला हवं होतं.

झाकण उघडलं. कुजलेल्या लाकडाचा आंबूस वास आला. मी म्हटलं, आमच्या कंपनीत टाकीत उतरायचं तर परमिट लागतं, आधी आतली हवा तपासतात. बापू म्हणाले, "वहिनी, ती केमिकलची असती. ही प्यायच्या पान्याची टाकी हाय, गटाराची न्हाई." आणि खरं सांगते, तिथे उभ्या असलेल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे सगळ्यांच्या डोक्यात हेच आहे – गॅस म्हणजे गटार, संडासाची टाकी. चांगल्या पाण्याला कोण भितं? तरी थोडा वेळ झाकण उघडं ठेवू असं ठरलं. तेवढ्यात मामांचा चहा झाला.

आमची बांबूची शिडी रंगाऱ्याकडे वर अडकली होती. म्हणून जावेदने शेजारच्या कांद्याच्या चाळीतली लोखंडी शिडी आणली. मामांनी धोतर खोचलं, हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. "एवढं ठिवा ताई. पान्यात जाईल. लेकीनं घेतलंय, पहिल्या पगारातनं." आणि हातोडा घेऊन खाली उतरले.

मी घड्याळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं. कपबशा विसळायला घेतल्या. ओट्यापुढच्या खिडकीतून पोर्च दिसतो.

ठक... ठक...

खाली माणूस काम करतोय तर आवाज येणारच. मी विसळत होते. फळी सुटून पाण्यात पडली. मामा खाकरले. आणि माझे हात आपोआप थांबले, कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं.

"जरा उजेड द्या."

तोच आवाज. तसाच. मी त्या माणसाला तासाभरापूर्वी पहिल्यांदा भेटले होते आणि त्याचं हे वाक्य मी आधीच ऐकलेलं होतं. बापू मोबाइलचा टॉर्च लावून तोंडाशी वाकले. "मामा, दिसतंय का?" खालून काही आलं नाही. मी ओल्या हाताने तशीच उभी. जावेद पुढे झाला, गुडघ्यावर बसला, त्या भोकात डोकं घातलं, आणि हाक मारली.

"मामा... ओ मामा..."

तो जावेदचा आवाज होता.

सगळ्या वेळी तो जावेदचाच आवाज होता. टाकीत डोकं घालून मारलेली हाक बाहेर घुमते म्हणून मी नवऱ्याचा आवाज ओळखला नव्हता. आणि त्याचं काय, स्वतःचा आवाज बाहेरून कुणाला ओळखू येतो? फरशीला कान लावून त्याने स्वतःचीच हाक ऐकली होती आणि 'ओळखीचा न्हाई' म्हणाला होता.

मी पळाले. किती धावले, कशी धावले, आठवत नाही. दारात पोचले तेव्हा जावेद शिडीवरून कमरेपर्यंत आत उतरला होता. शिडी सरकून वरच्या लोखंडी कडेवर आदळली, खणकन. ऐकलेला, जसाच्या तसा. आता एकच आवाज राहिला होता. मी मागून त्याच्या दोन्ही काखेत हात घातले आणि बूड टेकून मागे ओढलं.

"सोड! शाहीन सोड! मरतोय त्यो खाली!"

"मरू दे!"

हे मी बोलले. मोठ्याने. सगळ्यांनी ऐकलं. ज्या माणसाचं घड्याळ माझ्या ओट्यावर होतं त्याच्याबद्दल मी म्हणाले, मरू दे त्याला. जावेदने कोपर मारून मला झटकलं, माझा ओठ फुटला, पण मी सोडलं नाही. मी त्याला दातांनीसुद्धा धरलं असतं. बापू माझ्यावर ओरडत होते – वहिनी, येड लागलं का? – आणि स्वतः उतरायला बघत होते. मग मी किंचाळले की जो उतरेल तो वर येणार नाही, मी ऐकलंय, तुम्हाला सांगितलं होतं. काय कुणास ठाऊक, बापू थबकले. बहुतेक त्यांना माझी पट्टी आठवली. रंगारी आले, त्यांनी जावेदला ओढून बाहेर काढलं. तेवढ्यात त्याला चक्कर आली होती, हाक मारताना नुसतं तोंड आत घातलं होतं तेवढ्यानेच.

चाळीवाल्यांकडून विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणला. वरूनच गळ टाकून टाकून मामांचा सदरा अडकवला आणि ओढून घेतलं. फार वेळ गेला. किती ते मी सांगू शकत नाही आणि मला आठवायचंही नाही. पाण्यात पालथे पडले होते. शिरूरला दवाखान्यात नेलं, पण रस्त्यातच कळत होतं.

डॉक्टर म्हणाले, बंद टाकीत ओलं लाकूड कुजत राहिलं की आतली हवा खराब होते, श्वास घेण्यासारखी राहत नाही. पाणी स्वच्छ असो नाहीतर घाण. पहिला माणूस काही न बोलता पडतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. "बहुतेक वेळा आमच्याकडे दोघं येतात," ते म्हणाले. "आज एकच कसा?"

जावेदने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकत नाही. तीत कृतज्ञता नव्हती.

शुक्रवारी कुराणख्वानी झाली, पण गुपचूप, घरच्याघरी. दूध उतू घालायला कुणी आलं नाही आणि मी बोलावलं नाही. दुआ मामांसाठीही मागितली. बापू बाहेर चपलांपाशी बसून होते, आत या म्हटलं तरी आले नाहीत. जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. भिंतींवरच्या पट्ट्या तशाच होत्या. "राहिलेलं समदं करून देतो," एवढंच म्हणाले. त्यांनी दिलंही. त्यानंतर ते कुठल्याही टाकीचं काम शेवटावर ठेवत नाहीत, आणि झाकण उघडलं की दिवसभर तिथे खुर्ची टाकून स्वतः बसतात, कुणाला उतरू देत नाहीत. माझी चेष्टा करणंही त्यांनी बंद केलंय. ते मला जास्त लागतं.

आम्ही वरवंडला गेलो, घड्याळ द्यायला. मामांच्या मुलीने ते पदराने पुसलं, मनगटावर चढवलं. मोठं होत होतं तिला. मग मला विचारलं, "ताई, शेवटाला काय बोलले वो आबा?"

मी म्हणाले, "जरा उजेड द्या, म्हणाले."

तिने मान हलवली. तिला वाटलं मी तिथे होते म्हणून मला माहीत आहे.

जावेद अजूनही अधूनमधून वरवंडला जाऊन येतो, एकटाच. आमच्यात भांडण नाही. पण एकदा जेवताना म्हणाला, "तू धरलं नसतंस तर मी काढला असता मामांना." मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले ते बरोबर असंल. पण तू काय म्हणालीस ते बी मी ऐकलंय." आणि ताटावरून उठला. तो शब्द आमच्या नव्या घरात आमच्याआधी राहायला आला, आणि तो जाणार नाही हे मला कळतं. त्याचं मला वाईट वाटतं. त्याला धरलं याचं वाटत नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा धरीन.

टाकी मी ठेवली नाही. स्लॅब फोडून घेतला, उरल्यासुरल्या फळ्या काढून आतलं सगळं पाणी उपसलं आणि काठोकाठ मुरूम भरून धुम्मसाने ठोकून घेतला. वर पुन्हा फरशी. पाण्याला गच्चीवर प्लास्टिकची टाकी आहे. फरशी झाल्यावर मी एकेक वाजवून बघितली. सगळ्या भरीव. पोर्चखाली आता वीतभरसुद्धा पोकळी नाही, हे मी माझ्या नोकरीची शपथ घेऊन सांगेन.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी पोर्चमध्ये गहू निवडत बसले होते. जावेद ड्युटीवर. सासूबाई आत झोपलेल्या. रस्ता मोकळा, एक गाडी नाही.

हातोडा वाजला नाही. फळी पडली नाही. कुणी खाकरलं नाही, उजेड मागितला नाही. मामांचं काहीही आलं नाही. मला वाटतं ते सुटले. हो, मीच म्हणतेय 'मला वाटतं'.

नुसती हाक आली. "मामा... ओ मामा..."

मग खणकन.

मग पाण्यात काहीतरी जड पडलं. भरीव मुरमात.

त्यानंतर ते पुन्हाही झालंय. आधी तीनदा ऐकलं होतं त्यातलं सगळं त्या बुधवारी खरं झालं, फक्त ते शेवटचं धप्प मी होऊ दिलं नाही. ते कुठे गेलं? ते थांबलंय का कुठे? मौलानासाहेबांना विचारलं, ते म्हणाले अल्लाह जाने. कंपनीत सेफ्टीच्या सरांना विचारलं, त्यांनी मला सुट्टी घ्यायला सांगितलं. माझ्याकडे कारण नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू माझ्या हातात आहे आणि ती मला पासही करता येत नाही, रिजेक्टही.

मी एवढंच करते. आवाज आला की आहे ते हातातलं टाकून जावेदला फोन लावते. रिंग जात असते... जात असते... आणि तो उचलतो. मागे बसचं इंजिन, शिफ्टच्या पोरांचा गलका.

"काय गं?" वैतागलेला असतो.

"काही नाही," मी म्हणते. "जेवलास का?"